बॉबकॅटला पंजा घ्यायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अक्षय तृतीया जवळ आली की फोन वाढतात. कुणाला उकिरडा उपसायचा असतो, कुणाला बांधावरची वेडी बाभळ काढायची असते, कुणाच्या गावातलं माळवद पावसाआधी पाडायचं असतं. बॉबकॅटला, म्हणजे छोट्या लोडर मशीनला, माल दाबून धरणारा पंजा असता तर एका दिवसात उरकलं असतं, असं प्रत्येकाला वाटतं. कधी उरकतंही. पण पंजा घेऊन पस्तावलेली माणसंही मी पाहिलीत, आणि त्यातला एक मी स्वतः आहे. जालना-अंबड भागात मशीन भाड्यानं चालवताना लोक जे विचारतात, ते खाली त्यांच्याच भाषेत मांडलंय.

बॉबकॅट, स्किड स्टिअर, रोबोट हे सगळं एकच का?

मशीनचा प्रकार एकच, स्किड स्टिअर लोडर. बॉबकॅट हे एका कंपनीचं नाव, पण आपल्याकडं कुणाचंही छोटं लोडर आलं तरी पोरं ‘बॉबकॅट आलं’ म्हणूनच ओरडतात. रोबोट हे नाव जेसीबीच्या मशीनमुळं रुळलं. अमेरिकेतल्या मिनेसोटात १९५७ साली केलर बंधूंनी याचं पहिलं तीनचाकी रूप बनवलं, तेही टर्की पक्ष्यांच्या खुराड्यातली घाण काढायला. म्हणजे उकिरड्याचं काम या मशीनच्या रक्तातच आहे. याची पुढची चाकं वळत नाहीत. एका बाजूची चाकं हळू, दुसरीकडची जोरात, आणि मशीन टायर घासत जागच्या जागी फिरतं. पंजा निवडताना हे घासणं लक्षात ठेवा, रुंदीच्या प्रश्नात ते परत येणार आहे.

‘वरून बसवायचा’ पंजा म्हणजे काय? तो आख्ख्या पंजापेक्षा वेगळा कसा?

आख्खा पंजा म्हणजे खाली स्वतःचे दाते, वर जबडा, मागं मशीनला अडकायची प्लेट. तो लावायचा तर बकेट काढून ठेवावी लागते.

वरून बसवायचा पंजा म्हणजे नुसता वरचा जबडा. तुमची आहे तीच बकेट खाली राहते आणि तिच्या मागच्या वरच्या काठावर बिजागरी, जॅक (तेलाच्या दाबानं चालणारा सिलिंडर) आणि जबडा बोल्टनं किंवा वेल्डिंगनं बसवतात. फोर्कच्या चौकटीवर बसणारे जबडेही असतात. फायदा उघड आहे: माती भरायची तर जबडा वर करून ठेवा, बकेट मोकळी. फांद्या आल्या की दाबून धरा. तासावर भाडं घेणाऱ्याला दिवसातून तीनदा साधन बदलणं परवडत नाही. माझ्या मते मराठवाड्यातल्या दहातल्या सहा-सात माणसांचं काम यावरच भागतं. तरी बरेच जण आधी आख्खा पंजाच घेतात, कारण तो दिसायला दांडगा असतो.

माझ्या मशीनला कोणता पंजा झेपेल?

पंजा बघायला जाण्याआधी मशीनच्या पुस्तकात दोन आकडे शोधा: टिपिंग लोड आणि रेटेड क्षमता, म्हणजे मशीननं बिनधोक उचलायचं वजन. पुढं किती वजन आलं की मागची चाकं उचलली जातात, तो टिपिंग लोड. चाकाच्या स्किड स्टिअरची रेटेड क्षमता त्याच्या निम्मी धरतात, पट्ट्यावर चालणाऱ्याची ३५ टक्के. हा आकडा कंपनीनं नेहमीची बकेट लावून काढलेला असतो, आणि लोक नेमकं हेच विसरतात.

समजा रेटेड क्षमता ६०० किलो आहे आणि बकेट १७० किलोची. बकेट काढून ३३० किलोचा आख्खा पंजा लावला, तर १६० किलो तुम्ही मालाला हात लावायच्या आधीच उचललेत. सावध हिशोबानं उरले ४४०. त्यातही पंजाचे दाते लांब, त्यामुळं माल मशीनपासून पुढं सरकतो. घागर कडेवर घेणं आणि हात लांब करून धरणं यात जो फरक, तोच इथं. म्हणून मी अशा वेळी ४०० च धरतो. वरून बसवायचा ९० किलोचा जबडा घेतला असता तर ५१० उरले असते.

आता माल बघा. आपला काळा दगड दोन फूट लांब, तेवढाच रुंद आणि उंच असेल तर सव्वासहाशे किलो भरतो. म्हणजे वरच्या मशीननं तो उचलायचाच नाही, पंजा कितीही चांगला असो. उलट फूटभर व्यासाचा, दहा फुटी ओला ओंडका दोनशे किलोच्या आसपास असतो. तो खुशाल उचला.

माझी चूक इथंच झाली होती. परजिल्ह्यातल्या एका व्यापाऱ्याकडं साडेसहा फुटी, जाड प्लेटचा जुना पंजा स्वस्तात मिळाला. वजन विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. पहिलंच काम गावठाणातल्या पडक्या वाड्याचं. बोळ सहा फुटी. मशीन आत जाईना, म्हणून पंजा बाहेर काढून ठेवला आणि दिवसभर बकेटनंच माती ओढली. दुसऱ्या दिवशी मागच्या भिंतीकडून वाट करून पंजासकट आत गेलो आणि सागाची एक तुळई धरली. मधोमध धरायची सोडून टोकाकडं धरली होती. उचलताच तुळईचं जड टोक खाली गेलं, मशीन पुढं झुकलं आणि मागची दोन्ही चाकं जमिनीपासून वीतभर वर. मी सीटवर, पाय हवेत असल्यासारखे. आर्म खाली सोडला म्हणून बचावलो. संध्याकाळी वजनकाट्यावर नुसता पंजा नेला: ४२० किलो.

कोणत्या कामाला कोणता पंजा?

तुम्ही वर्षातले सर्वांत जास्त दिवस काय उचलता, ते आधी ठरवा. कधीतरी लागेल म्हणून घेतलेली वस्तू शेडमागं गंजत पडते.

बाभळीच्या फांद्या, पऱ्हाटी, तुराटी, उपटलेले बुंधे यांना उघड्या दात्यांचा पंजा लागतो. माती खाली गळते, काटेरी ढीग दबून बसतो. कपाशीत गुलाबी बोंडअळी यायला लागल्यापासून फरदड (लांबवलेलं पीक) न घेता पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, वेळेत शेताबाहेर काढा, असं कृषी खातं सांगतं, त्यामुळं हिवाळ्यात हे काम वाढलंय. पऱ्हाटी दिसते डोंगराएवढी पण वजनाला हलकी, त्यामुळं तिथं दात्यांची जाडी कमी चालते, पण जबडा मोठा उघडला पाहिजे.

रानातले धोंडे वेचायचे तर दाते जवळजवळ हवेत, तीन इंचांच्या फटीनं. नांगरटीनंतर बालाघाटाच्या कडेच्या माळरानात असे धोंडे वर येतच राहतात. यात वरचा जबडा लागतोच असं नाही. जाळीदार बकेट पुरते, आणि तिला जबडा नसल्यानं ती हलकीही असते.

शेणखत, उकिरडा, सोयाबीनचं भुसकट, पाडलेल्या माळवदाची पांढरी माती आणि तिच्यातले वासे अशा मिसळलेल्या मालाला बंद तळ हवा. उघड्या दात्यांतून निम्मा माल रस्त्यावर सांडतो आणि मागून दोन बायामाणसं टोपल्या घेऊन फिरवावी लागतात. इथं बकेटवर बसवलेला जबडा सगळ्यांत सरस.

भंगाराचं काम असेल, जालन्याच्या सळई कारखान्यांकडं माल जाणाऱ्या यार्डात असतं तसं, तर बंद तळ, जाड प्लेट आणि होसला (तेलाच्या नळीला) पूर्ण लोखंडी आडोसा. पत्र्याची धार होस कापते. त्या यार्डात एक सकाळ उभं राहिलात तर उघड्या होसचा पंजा कधीच घेणार नाही.

उसाची मोळी ट्रॉलीत भरायला बॉबकॅटचा पंजा घेऊ का, असंही विचारतात. नका घेऊ. ट्रॉलीतल्या उसाच्या थराची उंची वाढत जाते, तिथं या मशीनचा हात पुरत नाही, आणि खाली जबडा उघडायला जागा लागते ती वेगळीच. त्यासाठी ऊस भरायचे लोडर वेगळे येतात. पाचट गोळा करायला मात्र चालतो.

एक जबडा घ्यावा की दोन?

माल सारखा असेल, म्हणजे ओंडके, पेंढ्या, भुसकट, तर एक रुंद जबडा पुरे. स्वस्त, हलका, जॅक एक किंवा दोन.

माल वेडावाकडा असेल तर दोन सुटे जबडे. एका बाजूला बुंधा आणि दुसऱ्या बाजूला फांद्या असल्या की एकच जबडा बुंध्यावर अडकतो आणि फांद्या सैल राहतात. दोन असले तर तेल आधी कमी अडथळ्याच्या बाजूला जातं. तो जबडा टेकला की दुसरा पुढं जातो, आणि दोन्हीकडं पकड बसते. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं एक जॅक बिघडलाय. बिघडलेला नसतो.

रुंदी किती?

टायरच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या बाजूच्या कडेपर्यंत मोजा आणि त्याच्याएवढी किंवा दोन-तीन इंच जास्त घ्या. त्यापेक्षा कमी घेतली तर पसरलेल्या मालावर टायर चढतात, आणि मशीन जागच्या जागी फिरताना काटे टायरच्या बाजूत घुसतात. जास्त घेतली तर माझ्यासारखं बोळात अडकाल. वेडी बाभळ हेच रोजचं काम असेल तर टायर फोमनं भरून घ्या. पंक्चरवाल्याला गाडीखर्चासकट शेतात बोलावण्यापेक्षा ते परवडतं.

जास्त तेल सोडणारं मशीन लागतं का?

नाही. पंजाला फिरणारी मोटर नसते, नुसते जॅक असतात. त्याला दोन होसची साधी लाइन पुरते, तिसरा ड्रेन पाईप लागत नाही. हाय-फ्लो लागतो तो झुडपं कापायच्या कटरला. कुणी पंजासाठी हाय-फ्लोचं किट गळ्यात मारत असेल तर चहा पिऊन उठा.

जॅक किती जाड हवा, हेही मोजता येतं. ५० मिमी बोअरच्या जॅकचं क्षेत्रफळ १९.६ चौरस सेंमी. दाब २०० बार धरला तर जॅक जवळजवळ चार टन ढकलतो. जॅक बिजागरीपासून एक वीत आणि दात्याचं टोक तीन विती असेल, तर टोकाला त्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे तेराशे किलोच्या पुढं. शेतीकामाला एवढं भरपूर झालं. त्याहून जाड जॅक लावला की जबडा माल तर दाबतोच, शिवाय बकेटची पट्टीही वाकवतो.

ऑपरेटरला एक गोष्ट बजावा: पंजा चालवताना तेलाचा सतत-प्रवाहाचा खटका लावून ठेवायचा नाही. जबडा बंद झाल्यावरही तेल रिलीफ व्हॉल्व्हवर (जादा दाब सोडणाऱ्या झडपेवर) घासत राहतं आणि तापतं. मे महिन्यात आपल्याकडं हवाच ४२-४३ अंशांवर असते, तिथं तेलाला आणखी तापवायची गरज नाही.

कपलर बसतच नाही, काय करावं?

पंजाचा होस मशीनला जोडणारा कपलर सकाळी सहज बसतो आणि दुपारी बसत नाही, हो ना? उन्हात पडलेल्या पंजाच्या होसमधलं तेल तापून फुगतं, आत दाब अडकतो. हातोडीनं ठोकू नका, कपलरची सपाट तोंडं खराब होतात आणि मग कायमचं गळतं. मशीनच्या बाजूचा दाब घालवायला इंजिन बंद करून चावी चालू ठेवा आणि पंजाचं बटण दोन्हीकडं चार वेळा फिरवा. पंजाच्या होसवर ओलं पोतं टाकून दहा-पंधरा मिनिटं थांबा. कपलर निघाल्यावर त्यावर टोपण लावा. टोपण हरवलं असेल तर स्वच्छ प्लास्टिक बांधा, पण मातीत टाकू नका.

गावातल्या फॅब्रिकेटरकडून बनवून घेतला तर?

घ्या, पण त्याच्या शेजारी उभे राहून. आपल्याकडं ट्रॉल्या, नांगर, रोटाव्हेटरचे सांगाडे बनवणारे हात फार चांगले आहेत. चुका ठरलेल्या जागी होतात.

पहिली जागा बकेटचा वरचा काठ. तो पाच-सहा मिमीचा पत्रा असतो. त्यावर थेट बिजागरी वेल्ड केली तर सगळा जोर त्या एका रेघेवर येतो आणि पहिल्या सीझनमध्ये पत्रा फाटतो. आधी काठाच्या लांबीभर जाड पाईप किंवा चौकोनी ट्यूब बसवायची, बिजागऱ्या तिच्यावर घ्यायच्या आणि जोर बकेटच्या बाजूच्या भिंतींकडं उतरवायचा.

दुसरी जागा पिना. गजाचा तुकडा तोडून पिन म्हणून ठोकलेली मी पाहिलीय. दोन महिन्यांत भोक अंड्यासारखं होतं. लेथवर बनवलेली कडक पिन, बदलता येणारा बुश आणि प्रत्येक पिनेला ग्रीसचा निप्पल, यात तडजोड नको.

तिसरी जागा होसची. जबडा पूर्ण उघडा आणि पूर्ण बंद करून होस कुठं ताणतो, कुठं चिमटतो ते बघूनच क्लॅम्प मारायला सांगा. जॅकच्या रॉडवर आडवी पट्टी हवीच, नाहीतर फांदी रॉडवर पडून चरा उठतो आणि सील जातं.

दाते हार्डॉक्ससारख्या कडक प्लेटचे करणार असाल तर साधा रॉड चालत नाही. कमी हायड्रोजनचा ७०१८ रॉड घ्या आणि तो कोरडा असू द्या. आणि बकेट मशीनवरून उतरवून वेल्डिंग करा. मशीनवर असताना अर्थ कुठंतरी चेसिसला लावून वेल्डिंग केलं तर करंट पिना-बेअरिंगमधून आणि कंट्रोलरमधून वाट काढतो. कंट्रोलर जळाला तर वाचवलेले पैसे त्यात जातात आणि वरून उधारी होते.

पंजानं झाड उपटता येतं का?

रोपटं येतं, झाड नाही. एका दात्याच्या टोकावर सगळं मशीन तोलून बुंधा उचकटायचा मोह होतो, आणि दाता वाकतो. वेडी बाभळ वरून कापली की पुन्हा फुटते. तिची फुटणारी गाठ जमिनीखाली फुटभरात असते, ती निघाली तरच उपयोग. त्यामुळं मोठी असेल तर बॅकहोनं खणून काढा, मग पंजानं गोळा करा. आंबा, चिंच, साग, मोह, जांभूळ अशी झाडं मात्र परवानगीशिवाय तोडू नका. १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा त्यांना लागू आहे, आणि मशीनवाल्याचं नाव पंचनाम्यात पहिलं येतं.

काळ्या रानात पावसाळ्यात चालेल?

नाही. चिकटा टायरला, दात्यांना आणि तुमच्या नशिबाला एकदमच लागतो. वाफसा आला की काम करा. उघड्या दात्यांतून माती तेव्हाच गळते.

किंमत किती पडते?

फॅब्रिकेटर बहुधा किलोवर भाव सांगतो, म्हणून वजन लिहून घ्या आणि काट्यावर तपासा. जास्त वजन म्हणजे जास्त चांगला पंजा, असं नाही. किलोवर विकणाऱ्याला जाड प्लेट परवडते, तुमच्या मशीनला परवडत नाही. जॅक कोणाचा, सील किट जवळच्या शहरात मिळतं का, हे भावाआधी विचारा.

जुना पंजा बघताना काय बघू?

जबडा हातानं बाजूला हलवा. अर्ध्या इंचापेक्षा जास्त खेळ असेल तर बुश गेलेत. बिजागरीच्या मुळाशी रंग नवा आणि बाकी जुना असेल तर खाली तडा बुजवलाय. मग माल धरून पाच मिनिटं उभं करा. जबडा आपोआप सैल पडत असेल तर जॅकचं सील किंवा मशीनचा व्हॉल्व्ह गळतोय, आणि दोन्हींतलं कोणतं हे कळल्याशिवाय पैसे देऊ नका. मागची प्लेट तुमच्या मशीनला बसते का, हे तोंडी मान्य करू नका, मशीन नेऊन लावून बघा.

ऑपरेटरला वेगळं शिकवावं लागतं का?

बकेट चालवणाऱ्याला दोन दिवसांत जमतं. अडतं ते सवयींवर. ओंडका मधोमध धरायचा. माल गुडघ्याच्या उंचीवर ठेवूनच चालायचं, उंच धरून वळायचं नाही. चढावर मालाची बाजू वर ठेवायची, म्हणजे भरलेलं मशीन चढ पुढं तोंड करून चढतं आणि तसंच मागं उतरतं. जबड्यात अडकलेली फांदी काढायला कुणालाही आर्मखाली जाऊ द्यायचं नाही, गावातली पोरं तर नाहीच.

बहुतेक मशीनमधून पुढच्या बाजूनं, साधनावर पाय देऊन उतरावं लागतं. म्हणून उतरण्याआधी जबडा बंद करून पंजा जमिनीवर सपाट टेकवायचा, नाहीतर वर आलेल्या दात्यावर पाय पडतो. जेसीबीच्या एका आर्मच्या मशीनला बाजूनं दार आहे, तिथं ही भानगड नाही.

होस कुठं गळतोय ते हात फिरवून बघू नका. बारीक छिद्रातून येणारं तेल कातडीत सुईसारखं घुसतं, जखम टाचणीएवढी दिसते आणि आत हात सडतो. पुठ्ठ्याचा तुकडा धरा. तेल घुसलंच तर हळद लावून घरी बसायचं नाही, लगेच मोठ्या दवाखान्यात.

रोजची निगा काय?

सकाळी ग्रीस, जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत. बोल्टवर बसवलेल्या जबड्याचे बोल्ट पहिल्या दिवशी दुपारी आणि संध्याकाळी आवळा, नंतर आठवड्याला. पाचट-भुसकटाचं काम असेल तर दर दोन तासांनी इंजिनच्या खोलीतला आणि रेडिएटरवरचा कचरा काढा. सायलेन्सरजवळ साठलेलं वाळलं पाचट पेट घेतं. केबिनमध्ये आग विझवायचं नळकांडं ठेवा, आणि ते सीटमागं पोत्याखाली नको, हाताला लागेल असं.

तुमचा तो ४२० किलोचा पंजा गेला कुठं?

भंगाराच्या यार्डातल्या एका मोठ्या मशीनवर आहे. त्याच्या मालकानं घेताना आधी वजन विचारलं.